भरवशाच्या म्हशीला दोनदा टोणगा

जानेवारी २०२६ मध्ये पीएसएलव्ही-सी६२, म्हणजे इस्रोचं सगळ्यात भरवशाचं रॉकेट, गेलं ना समुद्रात, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "भरवशाच्या म्हशीला टोणगा" एवढाच. त्याच्यावर लगेच दुसऱ्याचा, "एकदा नाही रे, दोनदा," कारण त्याच्या आधीचं सी६१ पण असंच गेलं होतं. आणि मग नेहमीचं सुरू झालं, म्हणजे इस्रोचं आता काही खरं नाही म्हणणारे एका बाजूला आणि एवढं तरी कोण करतं रे जगात म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मला दोन्ही पटत नाहीत. म्हटलं ग्रुपवर टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकू, म्हणून ही पोस्ट. लांब झालीये, चहा घेऊन बसा.

तर आधी भरवसा कुठून आला ते बघू. सुरुवातीला काहीही भरवसा नव्हता. पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३, पीएसएलव्ही-डी१, डी म्हणजे डेव्हलपमेंटचा डी. वर आयआरएस-१ई नावाचा उपग्रह. दुसरी स्टेज, म्हणजे एकावर एक रचलेल्या टप्प्यांतला दुसरा, सुटताना रॉकेट जरा जास्तच हललं आणि ते सावरायला जे सॉफ्टवेअर होतं त्यातच चूक निघाली, पिचच्या, म्हणजे नाक वर-खाली करायच्या, कंट्रोलमध्ये आकडा ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ठरलेल्या जागेत मावेना, रॉकेट वेडंवाकडं झालं आणि उपग्रहासकट खाली आलं. इंजिनं सगळी नीट चालली होती बरं का, म्हणजे जे सगळ्यात अवघड वाटत होतं ते जमलं आणि कोडच्या एका कोपऱ्यात माशी शिंकली. सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनो, पुढच्या वेळी "छोटासा चेंज आहे" म्हणताना हे आठवा.

वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ ला, डी२ उडालं आणि नीट गेलं. १९९६ ला डी३ पण गेलं. मग १९९७ ला सी१, हा सी म्हणजे ऑपरेशनल सिरीजचा. त्यात चौथ्या स्टेजमध्ये हेलियम गळला आणि आयआरएस-१डी ठरल्यापेक्षा बऱ्याच खालच्या, लांबोळक्या कक्षेत जाऊन पडला. मग उपग्रहाने स्वतःच्या टाकीतलं इंधन जाळून स्वतःला वर उचलून घेतलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं कामही केलं. त्याला अर्धं अपयश म्हणतात, मी तर म्हणेन उपग्रहाने रॉकेटची लाज राखली.

इथून पुढे जवळजवळ वीस वर्षं सरळ रांग. २६ मे १९९९ ला सी२ वर ओशनसॅटच्या बरोबर कोरियाचा किटसॅट-३ आणि जर्मनीचा डीएलआर-टबसॅट गेले, म्हणजे पहिल्यांदा बाहेरच्यांनी आपल्या गाडीत सीट घेतली. २००१ ला सी३ वर युरोपचा प्रोबा हा चिमुकला उपग्रह गेला, दोन वर्षांसाठी बनवलेला आणि वीस वर्षांच्या वर चालला. आणि गंमत बघा, डिसेंबर २०२४ मध्ये त्याच घराण्यातला प्रोबा-३ घेऊन युरोपियन स्पेस एजन्सी परत पीएसएलव्हीकडेच आली, सी५९. त्यात दोन उपग्रह आहेत, एक सूर्यासमोर आडवा उभा राहतो आणि दुसरा त्याच्या सावलीत बसून सूर्याचा करोना, म्हणजे भोवतीचं तेजोवलय, बघतो, म्हणजे ऑर्डर देऊन केलेलं खग्रास ग्रहण. गिऱ्हाईक तेवीस वर्षांनी परत येतं याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे.

२००२ च्या सी४ वर मेटसॅट गेला होता, हवामानाचा. पुढच्या फेब्रुवारीत कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला गेल्या, आणि त्या मेटसॅटचं नाव कल्पना-१ झालं. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी ढगांचा जो फोटो दाखवायचे त्याच्याखाली कल्पना-१ लिहिलेलं असायचं ते हेच.

मध्येच एक, या नंबरांच्या नादी लागू नका. सी८ नंतर सी१० उडालं, मग सी९, मग सी११, सी१२, आणि त्याच्यानंतर थेट सी१४. सी१३ नाहीच! सी२१ आधी आणि सी२० नंतर, सी२५ आधी आणि सी२४ नंतर. ज्याचा उपग्रह तयार झाला त्याने निघायचं असा हिशेब असतो, पण तेरा नंबर का गाळला याच्यावर आपण काही बोलत नाही. त्यामुळे सी६२ हे प्रत्यक्षात ६४ वं उड्डाण, आणि हो, तीन डी धरून आणि तेरा गाळूनच.

आता रॉकेट म्हणून हे आहे काय ते थोडक्यात. साधारण ४४ मीटर उंच, एक्सएल, म्हणजे सगळ्यात ताकदवान, प्रकारचं असेल तर उडताना वजन ३२० टन. चार स्टेज. पहिली घन इंधनाची, १३९ टनांची, तिच्या कडेला सहा स्ट्रॅप-ऑन, म्हणजे बाहेरून बांधलेले छोटे घन इंधनाचे बूस्टर. दुसरी द्रव इंधनाची, विकास इंजिनवाली. तिसरी परत घन. चौथी परत द्रव. म्हणजे घन-द्रव-घन-द्रव अशी खिचडी, जगात फार कोणी अशी करत नाही, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याला जे जे येत होतं ते एकावर एक रचलं आणि ते जमून गेलं. घन इंधनाचं जे आपल्याला येत होतं त्यात वसंत गोवारीकरांचा हात मोठा, हे आपल्याकडे लोकांना मान्सूनच्या मॉडेलमुळे माहीत आहेत पण ते १९७९ ते ८५ थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते, पीएसएलव्हीची जमवाजमव सुरू झाली तो हाच काळ. विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, मोटरची कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. साखरेसाठी वसवलेल्या गावातून रॉकेटचे पार्ट निघतात हे मी कितीही वेळा सांगितलं तरी आमच्या घरी कोणी कौतुक करत नाही.

आणि हे लेगोसारखं आहे. माल कमी असेल तर स्ट्रॅप-ऑन काढून टाका, २००७ ला इटलीचा आजिले नुसत्या मधल्या दांड्यावर गेला, सी८. मग दोन लावा, चार लावा, सहा लावा. २२ ऑक्टोबर २००८ ला पहिल्यांदा मोठे सहा लावले आणि चांद्रयान-१ चंद्राकडे निघालं, सी११.

मंगळयानाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिणार आहे कारण त्यातला एक भाग कोणी सांगत नाही. ५ नोव्हेंबर २०१३, सी२५. खरं तर मंगळासाठी मोठं रॉकेट पाहिजे होतं पण तेव्हा जीएसएलव्ही २०१० मध्ये एकाच वर्षात दोनदा पडलेलं, त्याच्यावर कोण मंगळ टाकणार. म्हणून १३३७ किलोचं यान पीएसएलव्हीने पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत ठेवायचं आणि मग यानाने स्वतःचं इंजिन पुन्हा पुन्हा पेटवून कक्षा ताणत ताणत न्यायची असं ठरलं. त्याच्यात तिसरी स्टेज संपल्यावर चौथी लगेच पेटवायची नव्हती, पंचवीसेक मिनिटं नुसतं तरंगत जायचं, आणि पेटायची वेळ येईल तेव्हा रॉकेट असणार दक्षिण पॅसिफिकवर, जिथे आपला एकही अँटेना नाही. मग शिपिंग कॉर्पोरेशनची, म्हणजे आपल्या मुंबईच्या कंपनीची, नालंदा आणि यमुना ही दोन जहाजं अँटेना बसवून तिकडे पाठवली. नालंदाला वाटेत खराब हवा लागली, फिजीला पोचायला उशीर झाला, आणि म्हणून मंगळाचं लाँच २८ ऑक्टोबरवरून ५ नोव्हेंबरला गेलं. म्हणजे मंगळावर जायचा मुहूर्त एका जहाजाने हलवला! आमच्याकडे लग्नात पाहुण्यांची बस उशिरा येते तेव्हा मला हटकून हेच आठवतं.

एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडल्याचं सगळ्यांना पाठ आहे, सी३७, १५ फेब्रुवारी २०१७, त्यामुळे फार लिहीत नाही. फक्त एवढंच की १०४ म्हणजे काही १०४ ट्रक नव्हते, ७१४ किलोचा कार्टोसॅट-२डी एकटाच आणि बाकी १०३ मिळून ६६४ किलो. त्यात ८८ तर अमेरिकेतल्या प्लॅनेट कंपनीचे डव्ह, प्रत्येकी पाचेक किलोचे. अवघड काय होतं तर सगळे एकमेकांना न धडकता सोडणं, वेगवेगळ्या दिशेने, थोड्या थोड्या वेगाच्या फरकाने, आणि ते दहा-अकरा मिनिटांत झालं. रेकॉर्ड २०२१ मध्ये स्पेसएक्सने १४३ सोडून मोडला. मोडू दे. रेकॉर्डचा नाद मला तरी कधीच फार आवडला नाही.

मला त्याच्यापेक्षा सी३४ आवडतं, जून २०१६. वीस उपग्रह, आणि त्यात पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा स्वयम्. किलोभर वजन. त्याची अँटेना नीट दिशेला राहावी म्हणून आत मोटर नाही, काही नाही, एक कायमचं चुंबक, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर आपोआप वळत राहायचं. बॅचमागून बॅच पास आऊट होत गेली आणि पुढच्यांनी पूर्ण केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सी३५ वर आयआयटी बॉम्बेचा प्रथम गेला, आणि त्या उड्डाणात चौथी स्टेज दोनदा परत पेटवून दोन वेगवेगळ्या कक्षांत उपग्रह सोडले, सव्वादोन तास चाललं सगळं.

आणि या चौथ्या स्टेजचीच पुढची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. उपग्रह सोडून झाले की ती रिकामी स्टेज कचरा म्हणून फिरत राहायची. मग इस्रोतल्या कोणाला तरी सुचलं की हिच्यावरच सोलर पॅनेल गुंडाळू, थोडी स्थिर ठेवू आणि लोकांचे प्रयोग बसवू. पोएम नाव दिलं. ३० डिसेंबर २०२४ ला सी६० वर स्पेडेक्सचे दोन उपग्रह गेले, १६ जानेवारीला ते अंतराळात एकमेकांना जोडले, देशभर पेढे वाटले, हे झालंच. पण त्याच रॉकेटच्या उरलेल्या चौथ्या स्टेजवर, पोएम-४ वर, २४ प्रयोग होते आणि त्यातल्या एका डबीत चवळीचे आठ दाणे. चार दिवसांत मोड आले, मग पानं फुटली! मुंबईच्या अॅमिटी युनिव्हर्सिटीने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. आमच्या आईला स्पेडेक्स समजावून सांगितलं तर तिने हं हं केलं, चवळीचं सांगितल्यावर मात्र फोटो मागितला आणि म्हणाली, पाणी कसं घातलं रे.

तर असा सगळा भरवसा. सी६० पर्यंत ६२ उड्डाणं, त्यात पूर्ण फसलेली दोनच. एक डी१ आणि दुसरं ३१ ऑगस्ट २०१७ चं सी३९, ज्यात वरचं झाकण, म्हणजे हीट शिल्ड, उघडलंच नाही आणि उपग्रह आतल्या आत सुटला.

मग १८ मे २०२५. सी६१. पहाटे सहाच्या ठोक्याला उठून बघणाऱ्यांपैकी मी एक. ईओएस-०९, १६९६ किलोचा रडार उपग्रह, ढगातून आणि रात्री पण बघणारा, ऑपरेशन सिंदूरला दहा-बारा दिवसच झालेले, त्यामुळे सगळ्या देशाचं लक्ष. पहिली स्टेज मस्त, दुसरी मस्त, तिसरी पेटली आणि थोड्या वेळाने स्क्रीनवरची रेघ ठरलेल्या रेघेपासून खाली सरकायला लागली. समालोचन करणारे गप्प झाले. इस्रोचे अध्यक्ष नारायणन सरांनी येऊन सांगितलं की तिसऱ्या स्टेजच्या मोटरमधला दाब कमी झाला.

आणि १२ जानेवारी २०२६, सी६२, डीआरडीओसाठीचा ईओएस-एन१ आणि बरोबर पंधरा छोटे. परत पहिली मस्त, दुसरी मस्त, आणि परत तिसरीच्या शेवटी शेवटी रॉकेट स्वतःभोवती फिरायला लागलं, मार्ग सोडला. सोळा उपग्रह गेले. त्यात आपल्या स्टार्टअपचे होते, नेपाळचा होता, ब्राझीलचे होते. एका स्पॅनिश कंपनीची किड नावाची फुटबॉलएवढी कुपी होती, तिने म्हणे तशाही अवस्थेत सुटून तीनेक मिनिटं डेटा पाठवला. पठ्ठी!

तिसरी स्टेज ही तशी कोणाच्या खिजगणतीत नसते. पहिलीचा धूर आणि आवाज असतो, दुसरीला विकासचं कौतुक, चौथीला पोएम. तिसरी पेटते उड्डाणानंतर चार-साडेचार मिनिटांनी, वातावरणाच्या वर, दोनेक मिनिटांत सगळं घन इंधन जाळून संपते. कवच धातूचं नाही, हलकं राहावं म्हणून केव्हलारच्या धाग्यांचं. नोझल थोडं हलतं, त्याने दिशा सांभाळायची, पण स्वतःभोवतीचं फिरणं थांबवायला तिच्याकडे स्वतःचं काही नाही, ते काम वरच्या चौथ्या स्टेजचे छोटे थ्रस्टर करतात. आणि घन इंधन म्हटल्यावर एकदा पेटलं की पेटलं, बंद करून परत सुरू करू असं नाही. जेवढा वेग द्यायचा तेवढा त्या दोन मिनिटांतच. तिथे कमी पडलं तर चौथी बिचारी अडीच टन इंधनात काय काय भरून काढणार.

आता माझं खरं म्हणणं. रॉकेट पडतात. सगळ्यांची पडतात. मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की मे मध्ये पडल्यावर समिती बसली, अहवाल दिला गेला, आणि तो लोकांसमोर न येताच जानेवारीत पुढचं रॉकेट त्याच तिसऱ्या स्टेजसकट उभं राहिलं. हे इस्रोच्या स्वभावात नव्हतं हो. २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० पडलं, तेव्हा त्यांनी सविस्तर सांगितलं की हायड्रोजनच्या टाकीचा एक व्हॉल्व्ह गळला म्हणून दाब राहिला नाही. २०२२ ला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा सांगितलं की दुसरी स्टेज सुटताना इतकी थरथर झाली की अॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारे सेन्सर, गोंधळले आणि कॉम्प्युटरने सेन्सर बिघडले असं समजून पुढची चाल बदलली. मी इंजिनिअर नाही तरी मला ते वाचून कळलं, आणि कळल्यावर पुढच्या लाँचला मी निवांत बसून बघितलं. मग सी६१ बद्दलच एका वाक्यावर का बोळवण? संरक्षणाचा उपग्रह होता म्हणतील. अहो उपग्रहाचं गुपित ठेवा की, मोटरचं काय गुपित, तीस वर्षं तीच मोटर आहे.

आणि हे मी नुसता टॅक्स भरणारा म्हणून म्हणत नाहीये. सीट विकल्यात आपण लोकांना. ज्या पोरांनी कॉलेजची दोन-तीन वर्षं घालून डबीएवढा उपग्रह बनवला त्यांना दुसरा बनवायला परत कोण पैसे देणार? मोठ्या कंपनीला विमा असतो, तिच्याकडे पर्याय पण असतो, स्पेसएक्सच्या गाडीत सीट मिळते, आणि तिथे गेलेलं गिऱ्हाईक प्रोबावाल्यांसारखं परत येईलच असं नाही.

पुढे काय काय रांगेत आहे ते बघा म्हणजे हा विषय नुसता जुना नाही हे कळेल. न्यूस्पेस इंडिया, म्हणजे इस्रोची विक्री बघणारी सरकारी कंपनी, तिने २०२२ मध्ये एचएएल आणि एल अँड टी या जोडीला पाच पीएसएलव्ही बांधायचं ८६० कोटींचं काम दिलं. आत्तापर्यंत पार्ट बाहेर बनायचे आणि रॉकेट जोडायचं इस्रो, आता अख्खं रॉकेट कंपन्या देणार. त्यातलं पहिलं एन१, त्याच्यावर ओशनसॅट-३ए जायचाय, समुद्राचा रंग आणि वारे बघणारा, कोकणातल्या मच्छीमारांना मासळी कुठे आहे याचा जो अंदाज मिळतो तो अशाच उपग्रहांच्या माहितीतून निघतो. म्हणजे नवा बांधणारा, आणि हातात जुनी, दोनदा रुसलेली तिसरी स्टेज. एल अँड टीच्या पवईतल्या लोकांच्या जागी मी असतो तर अहवालाचं पान न् पान वाचल्याशिवाय स्क्रू पिळला नसता.

तिकडे तामिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा तळ होतोय, फेब्रुवारी २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तो छोट्या एसएसएलव्हीसाठी. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत जायचं तर सरळ दक्षिणेला जाता येत नाही, खाली श्रीलंका आहे, म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं, त्या वळणात इंधन फुकट जातं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं, छोट्याला नाही. कुलशेखरपट्टणमहून समोर मोकळा समुद्र. छोटे उपग्रह हळूहळू तिकडे गेले तर पीएसएलव्हीच्या वाट्याला मधल्या वजनाचं गिऱ्हाईक उरेल, दीड-पावणेदोन टनाचं. ते टिकवायचं असेल तर तिसरी स्टेज नीट झालीच पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

माझं म्हणाल तर एन१ ची तारीख आली की मी श्रीहरिकोट्याला जाणार, यावेळी नक्की. कोणाला यायचं असेल तर, २०१९ पासून तिथे लोकांसाठी गॅलरी आहे, फुकट आहे पण इस्रोच्या साईटवर आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा भराभर संपतात, ओळखपत्र लागतं. मुंबई-पुण्याहून चेन्नई, तिथून लोकलने सुळ्ळूरपेटा, पुढे रस्ता पुलिकत सरोवरातून जातो आणि थंडीत गेलात तर दोन्ही बाजूला रोहित पक्षी. तारीख पुढे जाऊ शकते, त्यामुळे परतीचं तिकीट एक-दोन दिवस सैल ठेवा. आणि मोबाईलवर लाइव्ह लावून ठेवा, कारण रॉकेट दोन-तीन मिनिटांत दिसेनासं होतं, सगळे टाळ्या वाजवून पार्किंगकडे पळतात, आणि तिसरी स्टेज तेव्हा अजून पेटलेली पण नसते.